घाबरायचं होतं ते साधूला!

रामानंद सागर यांची ‘विक्रम और बेताल’ आता यूट्यूबवर फुकट बघायला मिळते. जरूर बघा. फक्त एक आधीच सांगून ठेवतो, पहिली दहा मिनिटं हसूच येतं. धूर कुठून सोडलाय ते दिसतं, वेताळ कसा उडवलाय ते सातवीतलं पोरगंही सांगेल. ज्यांनी मार्व्हलचे सगळे पिक्चर मोठ्या पडद्यावर बघितलेत, त्यांना तर हे गॅदरिंगमधलं नाटक वाटेल.

मालिका १९८५ सालची. चॅनल एकच, दूरदर्शन. वार रविवार. विक्रम झाले होते अरुण गोविल आणि वेताळ झाले होते सज्जन नावाचे जुने, मुरलेले नट. दोन वर्षांनी, १९८७ च्या जानेवारीत, ‘रामायण’ सुरू झालं आणि गोविल देशाचे राम झाले. दीपिका चिखलिया आणि सुनील लहरीही आधी विक्रम-वेताळच्या गोष्टींत चमकून गेलेत. म्हणजे घरोघरी आरती होण्याआधी आपला राम दर रविवारी स्मशानात प्रेत खांद्यावर घेऊन फिरत होता!

१९८५ ला मी जन्मलोही नव्हतो. माझ्या वाट्याला विक्रम-वेताळ आला तो केबलवाल्याच्या कृपेने. उन्हाळ्याच्या सुट्टीत आमच्या पेठेतला केबलवाला आपल्या लोकल चॅनलवर मनाला येईल ते लावायचा. सकाळी जोतिबाच्या यात्रेचं शूटिंग, दुपारी दादा कोंडके, आणि रात्री बरोबर जेवणाच्या टायमाला विक्रम-वेताळ. ताटातली आमटी गार व्हायची. नंतर हात धुवायला मागच्या परसात एकट्याने जायची कुणाची टाप नसायची. मोठा चुलतभाऊ जिन्यात अंधारात दबा धरून बसायचा आणि पाठीवर उडी टाकायचा. वेताळाची खरी भीती तीच होती, पाठीवरच्या वजनाची. बाकीची भुतं समोरून येतात, हे पाठीवर बसून कानात बोलतं. वर पुन्हा गोड आवाजात गोष्ट सांगतं!

आणि ती अट. आठवते ना? राजा वाटेत बोलला तर वेताळ परत झाडावर जाणार. पण गोष्ट संपल्यावर वेताळ प्रश्न विचारणार, आणि उत्तर माहीत असूनही राजा गप्प बसला तर त्याच्या डोक्याची शकलं होणार. बोललं तरी पंचाईत, नाही बोललं तरी पंचाईत. शाळेत बाईंनी “हे कुणी केलं?” असं विचारल्यावर ज्याने केलंय ते माहीत असायचं, त्या प्रत्येकाला ही अट बरोबर कळायची.

गेल्या महिन्यात चुलतबहिणीला सोबत घेऊन हे सगळं पुन्हा बघितलं. ती यंदा एफवायला आहे. दोन भाग बघून झाल्यावर तिने मोबाईल बाजूला ठेवला आणि विचारलं, “ते सगळं खरं, पण हा राजा तिथं जातोयच कशाला?”

बरोबर आहे की! रात्री-अपरात्री राज्य सोडून एक राजा स्मशानात जातो, झाडावरचं प्रेत उतरवतो, ते निसटतं, तो परत जातो, पुन्हा उतरवतो. एवढी हमाली कुणासाठी? उत्तर सगळ्यांनी ऐकलेलं असतं आणि बहुतेकांच्या डोक्यातून ते निघून गेलेलं असतं. एका साधूने सांगितलं म्हणून.

इथून पुढची गोष्ट टीव्हीच्या बरीच आधीची आहे. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने संस्कृतात ‘कथासरित्सागर’ रचला, त्यात या पंचवीस गोष्टी आहेत. त्यातला राजा कुठला, माहितेय? गोदावरीकाठच्या प्रतिष्ठानचा. प्रतिष्ठान म्हणजे आपलं पैठण. त्याचं नाव त्रिविक्रमसेन. पुढे लोकांच्या तोंडी तो उज्जैनीचा विक्रमादित्य झाला, पण सोमदेवाच्या पोथीत हा माणूस मराठवाड्यातला आहे. आपल्या पोरांना घाबरवणारी गोष्ट आपल्याच मातीतली निघाली, याचं मला उगाच बरं वाटलं.

तर, या राजाच्या दरबारात क्षांतिशील नावाचा एक भिक्षू रोज यायचा आणि एक फळ देऊन जायचा. मागायचं काही नाही. राजा ते फळ खजिनदाराकडे देऊन विसरायचा. असं दहा वर्षं चाललं. एक दिवस माकडाने फळ फोडलं आणि आतून रत्न पडलं. दहा वर्षांची फळं, प्रत्येकात एक रत्न! राजाने विचारलं, बाबा, हे कशासाठी? तेव्हा भिक्षूने हळूच सांगितलं, एक साधना करायची आहे, त्यासाठी एक शूर माणूस लागतोय. वद्य चतुर्दशीच्या रात्री स्मशानात या.

आधी दहा वर्षं काहीही न मागता देत राहायचं आणि उपकारांचं ओझं पुरेसं झालं की मग शब्द टाकायचा, ही पद्धत ओळखीची वाटते का? आमच्या गल्लीत एका घरी असाच एक ‘महाराज’ यायचा. पहिलं वर्षभर नुसता अंगारा आणि आशीर्वाद, पैसा घ्यायचा नाही. दुसऱ्या वर्षी घरातल्या बाईच्या पाटल्या गेल्या. पोलिसांत कुणी गेलं नाही. कारण काय, तर एवढं सगळं फुकट केलं त्यांनी, आता तक्रार कशी करायची!

पुढचं आपल्याला पाठ आहे. राजा प्रेत आणतो, वेताळ गोष्ट सांगतो, प्रश्न विचारतो, राजा उत्तर देतो, वेताळ भुर्रकन झाडावर. असं चोवीस वेळा. मग शेवटचा प्रश्न असा येतो की राजाला उत्तरच सुचत नाही. तो गप्प राहतो. बघा, अट काय होती? माहीत असून गप्प बसला तर डोकं फुटणार. इथे त्याला खरंच माहीत नाही. त्यामुळे डोकं शाबूत राहतं, आणि वेताळ खूश होऊन त्याला एक गोष्ट सांगतो. ही सव्विसावी गोष्ट नव्हे, इशारा आहे. तो म्हणतो, राजा, हा भिक्षू तुझा बळी देणार आहे. विद्याधरांचं राज्य मिळवायला त्याला तुझं डोकं हवंय. तो तुला साष्टांग नमस्कार घालायला सांगेल. तू वाकलास की वार करेल. तेव्हा तू म्हण, मी राजा आहे, मला असा नमस्कार येत नाही, आधी तुम्ही करून दाखवा.

राजा तसंच म्हणतो. भिक्षू करून दाखवायला खाली पडतो आणि राजाची तलवार त्याच्यावर उतरते.

म्हणजे अख्ख्या गोष्टीत आपण ज्याला बघून पांघरुणात तोंड घालत होतो, त्या वेताळाने राजाचा जीव वाचवला. आणि ज्याच्याकडे आपलं लक्षही नव्हतं, ज्याला बघून आजी टीव्हीसमोरच हात जोडायची, तो साधू खुनी होता. भुताने रात्रभर राजाला विचार करायला लावलं. साधूला हवा होता फक्त वाकलेला माणूस.

हा फरक मला फार मोठा वाटतो. लहान मुलांना भुताच्या गोष्टी दाखवाव्यात की नाही, यावर आपल्याकडे अधूनमधून वाद होतात. ‘रात्रीस खेळ चाले’ २०१६ च्या फेब्रुवारीत सुरू झाली तेव्हा तुमच्यापैकी बरेचजण प्राथमिक शाळेत असतील. साडेदहाला झोपायचं सोडून आई-बाबांच्या मागे लपून आकेरीतला तो वाडा बघितला असेल आणि दुसऱ्या दिवशी वर्गात पांडूसारखं “इसरलंय” म्हणून बाईंच्या शिव्या खाल्ल्या असतील. तेव्हाही पालकांची कुरकुर होतीच, पोरं झोपेत दचकतात म्हणून. माझं मत सरळ आहे. दचकू दे. मुलांना गोष्टीतली भीती सोसते, आवडतेसुद्धा. रत्नाकर मतकरींनी एका हाताने गूढकथा लिहिल्या आणि दुसऱ्या हाताने बालनाट्यं. त्यांच्या ‘अलबत्या गलबत्या’तल्या चिंची चेटकिणीला बघायला मुलं आजही आई-बापाला ओढत थिएटरात नेतात. ती चेटकीण पहिल्यांदा गाजवली दिलीप प्रभावळकरांनी, आणि पुढे ‘झपाटलेला’तला तात्या विंचूही तेच. पिढ्यान् पिढ्या पोरांना घाबरवणारा हा माणूस, आणि त्याच्याइतकं प्रेम किती नटांना मिळालं असेल?

पडद्यावरच्या भुताने कुणाचं नुकसान झालेलं मी तरी बघितलेलं नाही. नुकसान झालं ते मधल्या जाहिरातींनी. आठवा जरा. रात्री उशिरा भुताची मालिका संपली की सुरू व्हायचं ते काय होतं? कुठलं तरी यंत्र, कुठलं तरी नजर उतरवणारं लॉकेट. कर्जात बुडालेला माणूस लॉकेट घालतो आणि दुसऱ्या सीनमध्ये गाडीतून उतरतो. मुलगा नापास होत होता, आता पहिला येतो. ती जाहिरात अर्धा-अर्धा तास चालायची, आणि तिला कुणी हॉरर म्हणत नव्हतं. पोरांना उठवून झोपायला पाठवायचे ते मालिका लागली की. जाहिरात लागली की घरातली मोठी माणसं नंबर लिहून घ्यायला पेन शोधायची.

या जाहिरातींचं पुढे काय झालं, हे फार कमी जणांना माहीत असतं. २०२१ च्या जानेवारीत मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने निकाल दिला की, दैवी शक्ती असल्याचा दावा करून अशी यंत्रं टीव्हीवर विकणं बेकायदा आहे. आधार होता आपल्या जादूटोणाविरोधी कायद्याचा. हा कायदा २०१३ चा. त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी वर्षानुवर्षं झगडा दिला. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात त्यांचा खून झाला, मग काही दिवसांतच सरकारने वटहुकूम काढला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळाने कायदा मंजूर केला. नरबळी तर त्यात आहेच. शिवाय भूत उतरवतो म्हणून एखाद्याला दोरखंडाने बांधून मारणं, मिरचीची धुरी देणं, साप चावलेल्याला दवाखान्यात जाऊ न देता मंत्र म्हणत बसणं, हे सगळे गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, दंड पाच हजारांपासून पन्नास हजारांपर्यंत. वाचून बघा, छोटासा आहे. आणि देव-धर्माला त्यात कुठे हात लावलेला नाही, हेही वाचल्यावर कळेल. वारीला जा, जोतिबाला गुलाल उधळा, कायदा तुमच्या वाटेला जात नाही. तो क्षांतिशीलाच्या वाटेत उभा राहतो.

मला गंमत याची वाटते की, अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते बुवांना जे सांगत आले, ते शब्दशः वेताळाने राजाला शिकवलेलं वाक्य आहे. आधी तुम्ही करून दाखवा. चमत्कार येतो म्हणता? आमच्यासमोर करा, बक्षीस घेऊन जा. लाखो रुपयांची आव्हानं लागलेली आहेत. ती अजून कुणी जिंकलेली नाहीत.

वेताळाबद्दल अजून एक. त्याला सिनेमा-टीव्हीने भूत करून टाकला असला, तरी आपल्याकडच्या गावांना तो वेगळाच माहीत आहे. वेंगुर्ले तालुक्यात आरवली नावाचं गाव आहे, तिथला वेतोबा हा गावाचा राखणदार. तो रात्री गावातून गस्त घालतो, चालून चालून त्याच्या चपला झिजतात, असं लोक मानतात. म्हणून नवस फेडायला त्याला भल्यामोठ्या चामडी चपला वाहतात आणि केळीचे घड देतात. देवाला चपला वाहायच्या, ही कल्पना कोल्हापूरकराला तर फारच आवडायला हवी! आणि लांब कशाला, शिवाजी पेठेत वेताळमाळ तालीम आहे. ज्या नावाने रात्री आम्ही पांघरुणात शिरायचो, त्याच नावाची टीम शाहू स्टेडियमवर उतरली की आमच्यातलेच काही घसा बसेपर्यंत ओरडायचे. तेव्हा कुणाला भीती वाटल्याचं आठवत नाही.

याचा अर्थ वेताळ एकदम निर्दोष, असं नाही हां. पुन्हा वाचताना त्याचे प्रश्नच खटकायला लागतात. ती मंदारवतीची गोष्ट घ्या. एका मुलीसाठी तीन तरुण वेडे. ती तापाने मरते. एक तिच्या राखेवर झोपडी बांधून राहतो, दुसरा अस्थी गंगेला नेतो, तिसरा भटकत भटकत मेलेल्याला उठवायचा मंत्र मिळवून येतो. मुलगी जिवंत होते आणि तिघे भांडायला लागतात. वेताळ विचारतो, ती बायको कुणाची? राजा ऐटीत उत्तर देतो. ज्याने जिवंत केलं तो बापासारखा, ज्याने अस्थी नेल्या तो मुलासारखा, म्हणून राखेवर झोपला तोच नवरा.

हे सांगून संपलं आणि बहीण एवढंच म्हणाली, “अरे, ती उभी आहे की तिथंच. तिला विचारा!”

हजार वर्षं लोक ही गोष्ट सांगतायत. राजाने नाही विचारलं, वेताळाने नाही विचारलं. एफवायच्या मुलीला ते विचारायला अर्धं मिनिट लागलं. जुनी गोष्ट पुन्हा बघायची ती यासाठी, असं मला वाटतं. ‘आमच्या वेळी काय भारी होतं’ म्हणत उसासे टाकायचे असतील तर नका बघू.

आता त्या डोकं फुटण्याच्या अटीकडे परत येतो, कारण ती मला सोडत नाही. माहीत असून गप्प बसणं. कोल्हापुरात हे बोलताना जरा जपून बोलावं लागतं. १६ फेब्रुवारी २०१५ ला सकाळी फिरायला गेलेल्या कॉम्रेड गोविंद पानसरे आणि उमाताई पानसरे यांच्यावर याच शहरात गोळ्या झाडल्या गेल्या. चार दिवसांनी पानसरे गेले. आयुष्यभर त्यांनी लोकांना अडचणीचे प्रश्न विचारले आणि माहीत असलेली उत्तरं मोठ्याने सांगितली. गोष्टीत गप्प बसणाऱ्याचं डोकं फुटतं. आपल्याकडे उलटं झालं. त्यानंतर घराघरांत जे वाक्य ऐकू यायला लागलं, ते तुम्हीही ऐकलं असेल. “आपल्याला काय करायचंय? गप बस की.” आई-बाप प्रेमापोटीच म्हणतात ते, मी त्यांना नावं ठेवत नाही. पण गल्लीतला तो महाराज पाटल्या घेऊन गेला, तेव्हा सगळ्या गल्लीला माहीत होतं आणि सगळी गल्ली गप्प होती.

तुमच्या पिढीचा क्षांतिशील मोबाईलमधून येतो. रोज एक फळ पाठवतो. सकाळी छान विचार, दुपारी राशीभविष्य, रात्री “ही रील अकरा जणांना पाठवा, नाही पाठवली तर तीन दिवसांत वाईट बातमी”. डोकं फुटण्याची धमकी तेवढी ठेवली, गोष्ट आणि प्रश्न काढून टाकले! वेताळ निदान विचार करायला वेळ द्यायचा. हॉस्टेलमधली शिकली-सवरलेली पोरंही “कशाला रिस्क” म्हणून अकरा जणांना पाठवून मोकळी होतात. मग परीक्षेच्या आधी पासिंगचा उपाय, मग ब्रेकअप झालेल्यांसाठी वशीकरण, फी फक्त पाचशे एक. एकदा पैसे गेले की लाजेने कुणी बोलत नाही, आणि पुढचा पोरगा त्याच नंबरवर फोन लावतो.

शेवटचा प्रश्न कुठला होता, ज्यावर राजा गप्प झाला, हे मुद्दामच सांगितलं नाही. तो नात्यांचा एक भयंकर गुंता आहे, तुम्ही स्वतः वाचा आणि मित्रांना घाला. चहाच्या टपरीवर तास निघून जाईल. आणि पोथीत अगदी शेवटी, साधूचा निकाल लागल्यावर वेताळ राजाला म्हणतो, वर माग. राज्य, आयुष्य, धन, काहीही मागता आलं असतं. पैठणच्या त्या राजाने मागितलं की, आज रात्री सांगितलेल्या या गोष्टी जगभर सगळ्यांना कळू देत. चांदोबात चित्रकार शंकर यांनी काढलेलं ते तलवार आणि प्रेत घेतलेल्या राजाचं चित्र, सागरांची मालिका आणि आमच्या पेठेतला तो केबलवाला, हे सगळे त्या वरातलेच.